काडी

अकरा डॉलरला घेतलं मी हे विमान
स्टोर्डालांच्या शेतावरल्या लिलावात,
पेरणीयंत्र आणि गंजक्या नांगराच्या मधे,
कुणीच हात वर करीना म्हणून.
पिवळं टायगर मॉथ, पंखावर पंख, पाच फुटी,
रेशीम फाटून बरगड्या दिसणारं,
वैमानिकाच्या जागी उंदराचं घरटं.
लिलाववाला म्हणाला, हॅलिना, बस सोडून आता हे चालवणार?
तीस वर्षं सस्कॅचेवानच्या रस्त्यांवर
लोकांची पोरं शाळेत नेली-आणली मी.
इतके सरळ रस्ते, की वळणं विसरायला होतं.
म्हटलं, चालवीन.

हिवाळाभर तळघरात.
बाहेर उणे चौतीस,
आत डोपचा वास, हिरड्यांपर्यंत चढणारा.
रेशीम सोललं, बाल्साच्या बरगड्या मोजल्या:
बावीस. तीन मोडक्या.
एकीवर पेन्सिलीनं, आयनारच्या बारक्या अक्षरात:
मार्च ६१. वारा. सोल्वेगला सर्दी.

रेडिओ त्याच काळचा. एकच बटण.
एकदा दाबलं की डावीकडे,
दोनदा दाबलं की उजवीकडे,
तेही रबराच्या पिळावर;
पीळ संपला की ते कुणाचं ऐकत नाही.
वर जा, खाली ये, असं सांगायची सोयच नाही.
ते सगळं घरीच ठरवून पाठवायचं,
नाकातल्या शिशात, शेपटीच्या कोनात.

आणि शेपटीच्या आडव्या फळीखाली, मागच्या कडेला,
चिकटवलेली एक जळकी आगकाडी.
दोन मिलिमीटर तिरकं बसलेलं सगळं.
म्हातारा शेवटी आळसावला असेल, म्हटलं मी,
आणि घासून काढली.
पातळी लावली, बुडबुडा बरोब्बर मधे.
माझी पाठ मीच थोपटली.

सप्टेंबर. गहू कापून झालेला.
सोल्वेग आली, एक्याण्णव वर्षांची,
नातवाच्या ट्रकमधे, काचा वर, हीटर चालू.
एंजिनानं एरंडेलाचा धूर ओकला,
विमान माझ्या हातातून सुटलं,
चार पुरुष उंच गेलं
आणि नाक खाली.
मी बटण दाबलं: डावीकडे बघत खाली आलं.
दोनदा दाबलं: उजवीकडे बघत खाली आलं.
जमीन आपली होती तिथेच.

ट्रकची काच वीतभर उतरली.
काडी काढलीस होय?
मी काहीच बोलले नाही, हातात मोडका पंखा.
मार्चात तीनदा आपटलं होतं असंच, ती म्हणाली.
चौथ्यांदा तो तोंड पाडून आत आला.
मी चूल पेटवत होते. विझवलेली काडी दिली हातात,
म्हटलं, घाल कुठंतरी खाली, नाहीतर जेवायला बस.
उडालं. जन्मभर उडालं.
आणि लिहिलं काय मेल्यानं? माझी सर्दी.

हसता हसता खोकला लागला तिला.
बुडत्याला काडीचा आधार म्हणतात;
उडत्याचं कुणी बोलत नाही.

मग तिनं समोरच्या खणातून पेटी काढली,
काडी ओढली, अर्धी जळू दिली, फुंकली.
जळकीच हवी, म्हणाली, कोरी ओलाव्यानं फुगते.
हे खरं की तिचं आपलं काहीतरी,
मी विचारलं नाही.

दुरुस्तीला तीन आठवडे गेले.
नव्या बरगडीवर मी तारीख घातली, वारा लिहिला,
आणि काडी कुणाची तेही. अक्षर जरा मोठं आलं.

आज रानहंस दक्षिणेला चाललेत, वरच्या वर,
खाली आमचं पिवळं, भुणभुणतंय.
काचेआडून सोल्वेग विचारते, कुठंय गं?
तिला ते दिसत नाही आता, नुसतं ऐकू येतं.
डावीकडे, मी ओरडते, आणि एकदा दाबते.
रबराचे सहा-सात पीळ उरले असतील.
मोजायचं राहूनच गेलं.