चार बोटं वर

देल्फिनोच्या अंगणात एकोणऐंशीची शेवरोले
चाकं काढून चार लोखंडी घोड्यांवर बसवलीय.
कवळी काढून ठेवल्यावर होतो तसा चेहरा झालाय तिचा.
मोरा खोऱ्यात ऑक्टोबर. पिन्यॉनचं सरपण आणायचं तर
वाटेत कोरडा ओढा, ओढ्यात तो एक धोंडा,
ज्याच्यावर गेल्या साली डिफरन्शियल आपटलं,
तेल सांडलं, आणि देल्फिनो सात मैल चालत घरी आला
कुणाशी न बोलता.

म्हणून हे खोकं. चार इंच उंची, पुठ्ठ्यात बांधून आलेली:
नवे कमानपाटे, यू-बोल्ट, लांब शॉक, ब्रेकची लांब नळी
आणि एक कागद, ज्यावरची चित्रं
दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची.

नात मारिसोल गाडीखाली. वय एकोणीस,
केसांत गंजाचा भुगा.
मी शेजारी. माझं काम बॅटरी धरणं.
"इकडे. इकडे नाही, इकडे."
बॅटरी धरणाऱ्यानं बोलणी खायची
हा कायदा नाशकात होता, इथंही आहे.

पुढच्या डाव्या पाट्याचा बोल्ट
पंचेचाळीस वर्षं तिथंच नांदलाय.
तेल पाजलं. पाना लावला. पान्याला पाइप लावला.
पाइपला देल्फिनो लटकला.
बोल्ट ढिम्म.
मग आच दिली लाल होईस्तोवर,
आणि मारिसोलनं हातोडा घातला तेव्हा
असा काही कडाका निघाला
की कोंबड्या दाणे टिपायच्या थांबल्या.

जुने पाटे भिंतीशी टेकवले. पार सपाट.
सरपण वाहिलं, मेंढ्या वाहिल्या,
चर्चचा पियानो तर दोनदा,
कारण पहिल्या खेपेला तो दारातून आत गेला नव्हता.
नव्यांना अजून बाक आहे,
अजून कशालाच हो म्हटलेलं नाही त्यांनी.

दुपारी क्लोतिल्दे कॉफी घेऊन आली.
"कितीला पडलं हे?"
देल्फिनो पाना पुसत राहिला. पाना स्वच्छच होता.
"दोनशे."
गाडीखालून मारिसोल काही बोलली नाही.
मी उगाच बॅटरी विझवली.

तिन्हीसांजेला चाकं चढली. घोडे काढून गाडी खाली घेतली,
खाली घेतली तरी ती वरच.
मारिसोलनं टेप लावली: चार इंच, चोख.
आमच्याकडे एका राजाची गोष्ट सांगतात,
त्याचा रथ भुईला न शिवता चार बोटं वरून चालायचा,
एकदाच खोटं बोलला,
रथ टेकला.
सांगावीशी वाटली. पण माझं स्पॅनिश
भाजी घेण्यापुरतं.

आठवड्यानं पुन्हा टेप. सव्वातीन.
"नवे पाटे बसतात थोडे," मारिसोल म्हणाली, "असंच असतं."
देल्फिनो आभाळाकडे बघत होता,
आभाळात काही नव्हतं.

रविवारी क्लोतिल्दे चर्चला निघाली.
दार उघडलं, पाय उचलला,
पाय तिथवर पोचेना.
देल्फिनोनं सफरचंदांचं खोकं उपडं घातलं, हात दिला.
चढली. झगा सारखा केला.
कुंपणापलीकडचं कालव्याचं पाणी
तिला बसल्या जागी पहिल्यांदाच दिसलं.
"इथून बरं दिसतं."
मग समोरच्या कप्प्यात चष्मा चाचपताना
हाताला लागलेली पावती न उघडताच परत ठेवत,
"सहाशे ऐंशी डॉलरांत दिसायलाच हवं."

देल्फिनोनं खोकं उचलून मागे टाकलं,
परत येताना लागेल म्हणून.
यू-बोल्ट शंभर मैलांनी पुन्हा आवळायचे असतात.
त्या कागदावरची तेवढी एकच गोष्ट
या गाडीला लागू होती.