दोन सेकंद

टेलिफोन कंपनीने मार्चात ती तार बंद केली.
पत्र आलं, त्यात ‘खेद’ हा शब्द एकदाच.
आमची स्वतःची वाट होती ती,
बंदरावरून थेट स्टुडिओत,
मधे कुणाची ये-जा नाही.

आता सुन्नवाचं समालोचन चव्हाट्यावरून जातं.
तिचा एकेक शब्द चिरायचा, पुड्या बांधायच्या,
पाठीवर पत्ता लिहून सोडून द्यायच्या
लोकांच्या भांडणांत, हिशेबांत, मांजरांच्या व्हिडिओंत.
कुठली पुडी फॅरोतल्या फॅरोत जायला
कोपनहेगनचा वळसा घेते,
कुठली आधी निघून मागून पोचते,
कुठली येतच नाही. तिची चौकशी करायला
वेळ नसतो, थेट प्रक्षेपण आहे.

होड्यांच्या शर्यतीचा दिवस. मासळीच्या गोदामात
बर्फाच्या पेट्यांवर माझा लॅपटॉप,
शेजारी फोन, दुसरी वाट म्हणून.
सकाळी सगळं सुतासारखं सरळ.
मग सहा वल्ह्यांच्या होड्या रांगेला लागल्या
आणि धक्क्यावरच्या हजार माणसांनी
एकदम फोन वर केले.
सुन्नवा म्हणाली, “निळी होडी आता”
आणि स्टुडिओत पोचलं
नि… डी… ता.

मी थांबायची मुदत वाढवली.
पाव सेकंदावरून अर्धा, मग एक, मग दोन.
म्हणजे काय, तर दाराशी एक माणूस बसवायचा,
पुड्या मोजणारा,
उशिरा आलेल्यांना आपापल्या जागी बसवणारा,
आणि त्याला सांगायचं, घाई नको.
वाक्यं पुन्हा अखंड झाली.

संध्याकाळी यास्पुरकडे गेलो.
वीस वर्षं त्याने सुकाणू धरलं, आता खाट खिडकीशी.
खाली बंदर, धुक्यात. उशाशी रेडिओ.
म्हटलं, माफ कर, दोन सेकंद मागे होतो आम्ही.

तो म्हणाला, कळलं की.
खिडकीतून ओरडा आला, म्हणजे कुणीतरी जिंकलं.
रेडिओवर अजून सगळे वल्हवतच होते,
आपली होडी हातभर मागे.
तेवढ्यात मी
पडल्या पडल्या चार वल्ही मारून घेतली.

दोन सेकंदांत चार वल्ही होत नाहीत.
मी काही बोललो नाही.

कोण जिंकलं ते त्याने सांगितलं नाही,
मला ठाऊकच असणार असं धरून.
मी दिवसभर
फक्त हिरव्या पट्ट्या बघत होतो.