लेमिंगांचं साल

सगळा हिवाळा बर्फाखाली काहीतरी चाललं होतं,
हे आम्हाला मे महिन्यात कळलं.
बर्फ ओसरला आणि माळभर गवताची घरटी उघडी पडली,
कुणी रात्रभर विणत बसावं
आणि लोकर तशीच टाकून उठावं, तशी.

मग ते.
मुठीएवढे, पिवळे-काळे, चिडके.
पळत नाहीत. बुटासमोर मागच्या पायांवर उभे राहून
दात विचकून भांडतात,
जसा काही रस्ता त्यांच्या बापाचा.
असेलही. कागद तर आमच्याकडेही नाहीत.

म्हातारा मोर्तेन म्हणायचा, ढगातून पडतात.
विहिरीतून बादली काढायची, आत बघायचं,
आणि मुकाट्याने ओढ्यावर जायचं.
कुत्री खाऊन खाऊन कंटाळली.
कावळ्यांना उडायचा आळस आला.

मी शाळेची बस चालवते. त्या वर्षी अकरा मुलं.
टायरखालचा आवाज कसा होता ते सांगणार नाही.
मी रेडिओ मोठा केला.
राव्दना म्हणाली, बंद कर. ऐकू दे.
नऊ वर्षांची पोर.
बंद केला.

निल्लासला कुणा पाहुण्याने सांगितलं होतं,
की ते कड्यावरून उड्या टाकून जीव देतात.
मी म्हटलं, इथे जीव द्यायला कुणी येत नाही.
मागे गवत संपतं.
पुढे तलाव लागतो, पलीकडचा काठ दिसतो.
वारा पडलेला असेल तर पोहून जातात.
वारा उठला तर नाही पोचत.
एवढंच.

दुसऱ्या दिवशी काठावर ओल्या केसांची एक लांब रेघ होती.
त्या रेघेतून एकजण उठला,
अंग झाडलं,
माझ्या बसवर ओरडला
आणि टेकडी चढू लागला.

पुढच्या वर्षी पांढरं घुबड आलंच नाही.
कोल्हीण एकटीच हिंडायची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी.
बसमध्ये सात मुलं.
निल्लासच्या घरचे ट्रोम्सोला गेले, भाड्याच्या दोन खोल्यांत.
जाताना त्याच्या आईने स्लेज माझ्या अंगणात ठेवली,
म्हणाली, असू दे, येऊ तेव्हा लागेल.

तलावाच्या वळणावर पाय अजून आपोआप ब्रेकवर जातो.
रस्ता रिकामा. कालच पहिला बर्फ पडलाय.
राव्दना मागून म्हणते,
आता खाली असतील ना?
असतील, मी म्हणते.
दोन तरी.