साचा

शिरोलीच्या फाउंड्रीत दिवसभर
वाळूत पॅटर्न ठोकतो, बॉक्सवर बॉक्स.
रात्री गच्चीवर गिटारलाही तेच:
पाचव्या फ्रेटपासून आठव्यापर्यंत
चार बोटं, चार घरं.
पलीकडं आठ वर्षांत कधी गेलो नाही.

मंगळवारी रस उडाला, करंगळी भाजली.
आठवं घर बंद.
मग अनामिकाच घसरत नेली तिसऱ्या तारेवर,
सात, नऊ, बारा,
पुढचं न मोजता.

खालून दस्तगीरचाचा:
"काय रं, वाट चुकलास व्हय?"
"चुकलो."

रस थंडावला की वाळूचा साचा
आम्ही रोजच फोडतो,
त्याचं कुणी सुतक धरत नाही.

चौदाव्या घरात
नखातली वाळू तारेला लागली,
करकरली.
तसंच वाजवलं.