काज

म्बालेला पोचायला दोन दिवस, तीन बस.
सोरोटीला शेजारची बाई उठून मागच्या बाकावर गेली.
मी ओयेलाच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं
आणि खिडकीकडे तोंड केलं.

मी शिंपीण. किटगुमच्या बाजारात पत्र्याखाली पायमशीन.
माणूस समोर आला की आधी मापं दिसतात, मग तोंड.
सहाव्या आठवड्यात झबल्याचा गळा
तिच्या डोक्यावरून उतरेना,
तेव्हाच मला कळलं होतं.
सासू म्हणाली, नजर.
दीर म्हणाला, पाणी.
दीर बरोबर निघाला,
पण त्या दिवशी तो फार प्यायलेला होता.

इथे नर्स टेप लावते. सेंटिमीटरचा.
मी मनातल्या मनात इंच करते.
टाळू ताणलेली. बुबुळं खाली बुडालेली,
वर नुसतं पांढरं.

डॉक्टर वांडेबांनी फॉर्मच्या पाठीवर चित्र काढलं:
चार खोल्या, पाणी, मधला बोळ बुजलेला.
नळी घालता येते, म्हणाले,
पण नळी तुंबते, आणि तुमचं गाव लांब.
त्यापेक्षा एका खोलीच्या जमिनीला भोक पाडू.
पाणी आपली वाट काढेल.
केवढं भोक?
त्यांनी माझ्या झग्याच्या बटणाकडे बोट केलं.
याहून लहान.

म्हणजे काज.
कड कशाने शिवणार?
शिवत नाहीत.
नुसतं कापून सोडायचं?
नुसतं कापून सोडायचं.

वीस वर्षांत मी एक काज कच्चं सोडलेलं नाही.
कच्चं काज उसवतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
आणि हा माणूस म्हणतो,
उसवायची भीती नाही, बाई,
भीती मिटायची.
मी सही केली. अक्षर माझं नव्हतं वाटत.

दीड तास.
बाकावर एक बाप शेंगा सोलत होता,
खात नव्हता, नुसत्या सोलत होता.

आता दर सोमवारी आमच्याच दवाखान्यात टेप.
सत्तेचाळीस. सत्तेचाळीस.
एकदा साडेसत्तेचाळीस,
त्या रात्री मी मशीनवरच बसून होते.
सकाळी पुन्हा लावला. सत्तेचाळीस.
टेप तिरका बसला होता, एवढंच.

परवा ओयेलाने वर पाहिलं.
छताला पाल होती. पालीकडे पाहिलं.

टोपी घेतलीय शिवायला, पिवळी, उरल्या कापडाची.
बेतून झाली. फक्त
माया किती सोडावी ते ठरत नाही.
सोडली, तर डोकं वाढणार असं मीच म्हटल्यासारखं.
नाही सोडली, तर,
मूल आहे. वाढणारच.