शंभरातून वजा

तालिवाल्डिस आला तेव्हा कोटाच्या खिशात
कोरड्या दाण्यांची पिशवी होती, दोनदा दुमडून
कपड्यांचा चिमटा लावलेली.
लिएपायात मार्चमध्ये वारा दार उघडू देत नाही.
तो आधी वाऱ्याशी भांडला, मग माझ्याशी :
"ही सरकारी प्रयोगशाळा ना? मग सांगा,
हे चांगलं आहे की वाईट. एका शब्दात."

एका शब्दात माझ्याकडे काही नसतं.
माझ्याकडे चिनी मातीच्या मुशी आहेत,
प्रत्येकीच्या बुडाशी शिसपेन्सिलीनं आकडा.
म्हटलं, ठेवून जा. गुरुवारी या.

पिशवीवर उडी मारणारा सामन मासा.
मागे, चष्मा असूनही डोळे बारीक करावे लागतील
अशा अक्षरांत : कोंबडीचं पीठ. मका.
मक्याचं ग्लूटेन. मक्याचा कोंडा.
एकच मका तीन नावांनी रांगेत उभा,
म्हणजे पहिला नंबर त्याचा आहे
हे कुणाला कळायला नको.
मासा शेवटून तिसरा. चार टक्के.
दाखवायचे दात हे असे.
चावायचे दात पिराग्सचे, त्यातले सहा पडलेत.

(पिराग्स त्याचा बोका. नाव पडलं
ते खारवलेलं मांस भरलेल्या छोट्या पावावरून.
तेव्हा तो गोल होता.)

प्रथिनं तीस. म्हणजे मी नायट्रोजन मोजते
आणि सव्वासहानं गुणते.
छातीचं मांस कुठलं नि पीस कुठलं
हे नायट्रोजनला कळत नाही.
खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही नाही.
स्निग्ध अकरा. तंतू तीन. ओल आठ.
राख आठ.

गुरुवारी या शब्दाशी तो अडला.
"राख घालतात यात?"
घालत नाहीत, म्हटलं. आम्हीच जाळून बघतो.
साडेपाचशे अंश, रात्रभर.
जे जळायला नकार देतं ते : हाडांचा चुना, मीठ, फॉस्फरस.
त्यानं मुशीत डोकावून पाहिलं,
करडा, बोटभरही नाही असा थर.
तरुण मांजर हे पचवून टाकेल.
बारा वर्षांच्या मूत्रपिंडांना
रोज थोडा थोडा दगड फोडावा लागतो.

आता शंभरातून हे सगळं वजा करा.
चाळीस उरतात.
त्या चाळिसांचं नाव पिशवीवर कुठेच नाही.
छापायची सक्ती नाही, म्हणून पिष्ट गप्प बसतं,
न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखं,
ज्यानं अर्धा पलंग अडवलाय.

तो बराच वेळ पिशवीच्या कडेशी खेळत राहिला.
"डझिद्रा आणायची हीच. मी दुकानात मासा शोधतो.
अक्षरं मला दिसत नाहीत. आमच्यात चष्मा एकच होता,
तो तिच्या नाकावरच राहिला."
मग, चोरी कबूल करावी तसं :
"मी एक दाणा खाऊन पाहिला.
मीठ बरोबर आहे."

आमच्या अहवालात शेऱ्याचा रकाना असतो.
तपासनिसानं मत द्यायचं नाही, असा नियम;
एकोणीस वर्षं मी तो कोरा सोडलाय.
त्या दिवशीही सोडला.
कागद उलटा केला आणि पाठीवर,
पावाच्या दुकानाच्या पाटीएवढ्या अक्षरांत लिहिलं :
पाणी दोन ठिकाणी ठेवा.
दाणे कोमट पाण्यात भिजवा.
फॉस्फरस कमी असलेलं मागा. चित्र बघू नका.
शिसपेन्सिलीनंच लिहिलं. सवय.
भट्टीत शाई उडून जाते, ही टिकते.

तो खिडकीशी गेला, कागद उजेडात लांब धरला,
ओठ हलवत शेवटपर्यंत वाचला.
"पण त्याला आवडतं हे.
वाडग्याचा आवाज आला की जिन्यावरून धावत येतो, या वयात.
ते कुठल्या रकान्यात आहे?"

मी आकडे पुन्हा एकदा वरून खाली पाहिले,
जणू काही हातचा राहून गेला असावा.
तेवढ्यात त्याच्या हातून चिमटा निसटला,
टेबलाखाली कुठेतरी गेला,
आणि आम्ही दोघंही गुडघ्यांवर बसून
तो शोधत राहिलो.