हिरवं पाणी

खाण मिटून अकरा वर्षं झाली,
पंप मात्र चालू ठेवायचा असतो,
नाहीतर खालचं हिरवं पाणी
वादीत उतरेल, खजुरांच्या मुळाशी.
म्हणून मी.

सोहारपासून दीड तास, मग डोंगर.
चाळीस क्वार्टर्स, एकात दिवा.
बाकीच्यांत शेळ्या शिरतात, सावली बघून.
मेसच्या फळ्यावर अजून शुक्रवारची बिर्याणी,
खाली कुणीतरी खडूने: मीठ कमी.

गुरुवारी सालिम अल-मकबाली डिझेल आणतो.
त्याचा बाप इथे सुरुंग लावायचा. ठार बहिरा आता.
तरी रात्री उठून बसतो म्हणे,
पंप बंद पडला की.

आम्ही आडनावाने तांबट.
आजोबांनी जन्मभर बंब ठोकले,
तांबं येतं कुठून, कधी विचारलं नाही.

परवा एक लोखंडी पाइप वर काढला,
महिनाभर त्या पाण्यात पडलेला.
अंगभर तांबं चढलेलं,
पातळ, नखाने निघेल असं.

हातोडी शोधली.
एकदाच ठोकून पाहिलं.
कड्याने ठोका परत केला, जरा उशिराने,

आणि क्वार्टरा-क्वार्टरातून
शेळ्या बाहेर आल्या,
शिफ्ट सुटल्यासारख्या.